१२० लिटर पाण्याचे घर

मे महिन्याच्या सुट्टीत कॅम्परमधून, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतून, कोकण पाहून यावे ही इच्छा आमच्या तेरा वर्षांच्या मुलीची होती, ती मनावर घेतली माझ्या पतींनी, आणि प्रत्यक्षात तो प्रवास तडीस नेला तो माझ्या सासूबाईंनी. नाशिकहून निघून वाई, गुहागर, गणपतीपुळे, कोल्हापूर, नारायणगाव आणि भंडारदरा करत परत नाशिक, असा दहा रात्रींचा आणि तेराशे किलोमीटरच्या आसपासचा मार्ग होता. गाडीत आम्ही दोघे, मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि गाडीबरोबर आलेले चालक अशी सहा माणसे होतो. चालक दिंडोरी तालुक्यातले, पन्नाशीचे गृहस्थ होते. मुलांनी पहिल्याच तासात त्यांना ‘मामा’ करून टाकले, म्हणून मीही इथे त्यांना मामाच म्हणते. हा अनुभव लिहून काढावासा वाटला, कारण निघण्यापूर्वी आम्ही जी चौकशी केली ती सगळी रस्ते, भाडे आणि मुक्कामाची ठिकाणे यांची होती. आणि प्रवासात रोज सकाळी डोळे उघडल्याबरोबर जिचा विचार करावा लागला ती गोष्ट म्हणजे पाणी, त्याबद्दल मात्र आम्ही कोणाला एक प्रश्नही विचारला नव्हता.

गाडी म्हणजे ट्रॅव्हलर या मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेले छोटेसे घर होते. मागे आडवा पलंग, मधल्या बाकांच्या गाद्या जोडल्या की होणारे दुसरे अंथरूण, त्याच्या वर मुलांसाठी एक फळी. एका बाजूला ओटा, त्यात लहानसे बेसिन, खाली फ्रीज आणि पाच किलोचा गॅस सिलिंडर. दाराशेजारी एक माणूस जेमतेम वळू शकेल एवढी न्हाणी, तिच्यातच शौचालय. छतावर सौर पट्ट्या होत्या. त्यांच्यावर आणि इंजिनावर भरणाऱ्या बॅटरीवर दिवे, पंखे, फ्रीज आणि पाण्याचा पंप चालत असे. वातानुकूलन यंत्राला मात्र बाहेरून विजेची जोडणी लागे. पिण्याखेरीज इतर वापराच्या पाण्याची टाकी १२० लिटरची, सांडपाण्याची ८० लिटरची, आणि शौचालयाखाली चाकांच्या पेटीसारखी ओढून बाहेर काढता येणारी २० लिटरची मैल्याची टाकी. हे सगळे गाडी देणाऱ्या गृहस्थांनी आम्हाला वीस मिनिटांत दाखवले आणि शेवटी म्हणाले, “पाणी संपलं की कुठेही भरा, त्याची काही चिंता नाही.” त्यांच्या सगळ्या सूचनांपैकी हे एकच वाक्य पुढे पूर्णपणे चुकीचे ठरले.

सासूबाई तेव्हा दारातल्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी पलंग पाहिला नाही, फ्रीज पाहिला नाही, त्यांनी विचारले, “टाकीत पाणी किती मावतं?” आकडा ऐकून त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे अर्ध्या टिपाडापेक्षा जरासं जास्त. माणसं सहा.” त्यांच्या या बोलण्याचा अर्थ मला नीट कळायला पुढचे दोन दिवस जावे लागले.

सासूबाईंचा संसार मनमाडला झाला. सासरे रेल्वेत होते आणि तीसहून अधिक वर्षे त्यांनी त्या गावात काढली, जिथे वागदर्डी धरणातला साठा तळाला गेला आणि पालखेडच्या कालव्यातून पाळीने सोडले जाणारे पाणी लांबले की नळाला पाणी येण्याची वाट पंधरा-पंधरा दिवस पाहावी लागे. त्यांच्या घरात टिपाडे होती, पिंपे होती, माळ्यापर्यंत रचलेल्या कळश्या होत्या, आणि कोणते पाणी कशासाठी याचा न लिहिलेला नियम होता. लग्न होऊन मी नाशिकला आले ती गंगापूर धरणाच्या पाण्यावर रोज सकाळी नळ सुटणाऱ्या घरात. त्यामुळे सासूबाई इंदिरानगरच्या आमच्या घरीसुद्धा तांदूळ धुतलेले पाणी कुंड्यांना का घालतात आणि बादली भरून वाहू लागली की दुसऱ्या खोलीतून का हाक मारतात, हे मी आजवर सवय म्हणून सोडून दिले होते. शहरांच्या पाणीपुरवठ्याचा हिशेब माणशी रोज १३५ लिटर धरून केला जातो. आमच्या गाडीची पूर्ण टाकी म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या पाण्यापेक्षाही कमी, आणि त्यात सहा जणांनी राहायचे होते.

पहाटे पाचला निघालो. सिन्नर, संगमनेर, चंदनापुरीचा घाट, आळेफाटा, पुणे आणि खंबाटकी घाट ओलांडून वाईजवळच्या एका शेतात पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. पहिला दिवस असल्यामुळे सगळेच उत्साहात होते. मुलांनी बेसिनच्या नळाखाली हात धुण्याचे निमित्त दहा वेळा काढले, दुपारी मी भांडी घरी घासते तशीच वाहत्या पाण्याखाली घासली, माझ्या पतींनी न्हाणीतला फवारा कसा चालतो ते पाहण्यासाठी तिथे अंघोळ केली. रात्री झोपताना टाकीचा काटा निम्म्याच्या खाली होता. सकाळी भरू, असे म्हणून आम्ही आडवे झालो.

त्या रात्रीची घटना मला बारकाईने सांगितली पाहिजे. बाहेर कृष्णेच्या काठची शांतता होती, आत पंख्याची घरघर. मध्यरात्री केव्हा तरी सासूबाईंनी मला हलवून जागे केले. “ऐक,” त्या म्हणाल्या. मला काही ऐकू आले नाही. “थांब जरा.” आणि मग ओट्याच्या खालून एक आवाज आला, घुर्रर्र, जेमतेम दोन सेकंदांचा, आणि थांबला. सासूबाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. शंभराच्या पुढे गेल्यावर पुन्हा तोच आवाज. “नळ सगळे बंद आहेत. मग हे यंत्र कोणासाठी पाणी ओढतंय?” मामांना उठवले. त्यांनी समजावून सांगितले की हा पंप नळीतल्या दाबावर चालतो; नळ उघडला की दाब कमी होतो म्हणून तो सुरू होतो, बंद केला की दाब भरतो आणि तो थांबतो. कोणी नळ उघडलेला नसताना तो अधूनमधून सुरू होत असेल, तर पाणी कुठून तरी जातेच आहे. बॅटरीच्या उजेडात बेसिनखालचे दार उघडले तेव्हा फळी ओली होती, आणि नळीच्या सांध्यातून थेंब निघून, आट्यांवरून घरंगळून, फळीच्या कडेला येऊन खाली पडत होता. एक पडला की लगेच दुसरा तयार होत होता. सासूबाईंनी ताबडतोब त्याखाली पातेले ठेवले. मामांनी सांधा उघडून, आट्यांवर टेफलॉनची टेप गुंडाळून तो परत आवळला. त्या पातेल्यात तेवढ्या वेळात जे पाणी साठले त्यात सकाळचा चहा झाला नाही, पण भांडी विसळली गेली. गाडी देण्यापूर्वी हा सांधा कोणी तपासला असता तर बरे झाले असते, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. परंतु तो आवाज ओळखणारा कान आमच्यापैकी एकाच माणसाकडे होता, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी गाडीचा कारभार हाती घेतला. पंपाचे बटण बंद राहील आणि ते त्यांना सांगितल्याशिवाय कोणी चालू करणार नाही, हा पहिला नियम. तोटी असलेला एक डबा दाराबाहेर टांगला गेला. हात-तोंड त्याच्यावर धुवायचे. भांड्यांसाठी तीन पसरट भांडी: पहिल्यात उष्टे काढायचे, दुसऱ्यात घासलेले भांडे बुडवायचे, तिसऱ्यात स्वच्छ पाण्यातून काढायचे, आणि दुसऱ्या वेळी तिसऱ्याचे पाणी पहिल्यात घ्यायचे. त्याआधी ताट कागदाने पुसून घ्यायचे, म्हणजे तेलकटपणा पाण्यात उतरत नाही. अंघोळीला माणशी सहा तांबे. मुलीकडे वही दिली गेली आणि तांब्याच्या मापाने प्रत्येक खर्च तिच्यात लिहिला जाऊ लागला. पहिल्या संपूर्ण नोंदलेल्या दिवशी बेरीज ८३ लिटर आली, चौथ्या दिवशी ६२. मुलगा सुरुवातीला कुरकुरला, मग त्याला पाच तांब्यांत अंघोळ उरकण्याची जिद्द चढली. कडक म्हणून नव्हे, तर न्याय्य म्हणून हे नियम आम्हा सर्वांना पटले, कारण सासूबाईंनी स्वतःसाठी एक तांब्याही जास्त धरला नव्हता आणि मामांचा वाटा सगळ्यांच्या आधी काढून ठेवला होता.

वाईहून कराडला आलो तेव्हा प्रीतिसंगमावर थोडे थांबलो. इथे कोयना समोरासमोर येऊन कृष्णेला मिळते आणि दोघींचे पाणी पुढे पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराच्या दिशेने जाते. पाण्याची वही हातात असल्यामुळे असेल, पण मुलीने त्या संगमाकडे एरवी पाहिले असते त्यापेक्षा जास्त वेळ पाहिले. पुढे कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरताना मी तिला सांगितले की याच डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून कोयनेचे धरणातले पाणी पश्चिमेला वळवले आहे, ते खाली पोफळीच्या वीजगृहात पडून वीज तयार करते आणि मग वाशिष्ठी नदीत जाते. म्हणजे निसर्गाने बंगालच्या उपसागराला दिलेले पाणी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत, अरबी समुद्राला मिळते. ती बराच वेळ खिडकीतून खाली पाहत होती.

घाटाबद्दल मामांकडून एक गोष्ट शिकले ती इथेच सांगते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पूर्ण टाकी म्हणजे गाडीत दीड-दोन माणसे वाढल्यासारखे, आणि टाकी निम्मी असेल तर पाणी वळणावळणाला एका बाजूकडून दुसरीकडे आदळते आणि मागचा भाग हेलकावतो. म्हणून घाट उतरण्याआधी टाकीत अगदी थोडे पाणी ठेवायचे आणि पायथ्याला भरायचे, असा त्यांचा आग्रह होता. ब्रेकवर पाय ठेवून न बसता त्यांनी सगळा कुंभार्ली घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरवला. पायथ्याला थांबल्यावर त्यांनी चाकाजवळ हात नेऊन उष्णता पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

गुहागरला तीन रात्री राहिलो. ओळखीच्या ओळखीतून एका वयस्कर जोडप्याच्या घराच्या आवारात गाडी लावायला परवानगी मिळाली होती. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे आणि त्यात अशा गाड्यांसाठी पाणी, वीज आणि मैला रिकामा करण्याची सोय असलेल्या तळांची कल्पना आहे. आमच्या वाटेवर मात्र तसा तळ आम्हाला मिळाला नाही, आणि सगळीकडे माणसांच्या भलेपणावरच भागवावे लागले. मामा गाडी घेऊन सावली पाहून माडांखाली शिरू लागले, तेव्हा घरमालक काठी टेकत धावतच आले. “नारळाखाली नको! एक नारळ पडला तर तुमच्या त्या छतावरच्या काचा गेल्या, आणि पोर खाली असेल तर विचारूच नका.” गाडी गोठ्याशेजारच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. दिवसा आत भट्टी होई, पण सगळे दिवसभर आगरातच असत.

संध्याकाळी टाकी भरण्याचा विषय काढला. विहीर घरामागे होती, जांभ्या दगडात बांधलेली, रहाट असलेली, आणि पंपही बसवलेला होता. काकांनी विहिरीत डोकावून पाणी किती खाली गेले आहे ते आम्हाला दाखवले. “विहीर आमची गोडी आहे. पण समुद्र हा एवढ्यावर आहे. गोडं पाणी वर तरंगतं, खाली खारंच. मे महिन्यात पंप घटकाभर जास्त चालला की पाणी मचूळ लागतं, आणि एकदा मचूळ झालं की पाऊस पडेपर्यंत सुधारत नाही.” गाडी देणाऱ्याचे ‘कुठेही भरा’ मला त्या क्षणी आठवले. आम्ही संकोचलो. सासूबाईंनी विचारले, “तुमच्या घरचं झाल्यावर रोज चार कळश्या काढल्या तर चालतील का? पंप नको, रहाटानं काढू.” काकू हसल्या आणि म्हणाल्या, “चालतील हो, चार काय, सहा काढा.” दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी काढण्यापूर्वी सासूबाईंनी विहिरीच्या कठड्याला हळद-कुंकू लावले. मुलांनी दोर ओढण्यासाठी पाळ्या लावल्या. चार कळश्यांपेक्षा जास्त पाणी आम्ही एकाही दिवशी घेतले नाही, आणि वही सांगते की ते पुरले.

त्यापेक्षा अवघड प्रसंग मैल्याच्या टाकीचा होता. ती दोन-अडीच दिवसांत भरते आणि ती रिकामी करण्याची वेळ कोणावरही न ढकलता येणारी असते. नाल्यात किंवा समुद्राकडे ओतण्याचा विचारही आमच्यापैकी कोणी केला नाही; घराच्या शौचालयात, जे सेप्टिक टाकीला जोडलेले आहे, रिकामी करू द्याल का, असे माझ्या पतींनी अतिशय संकोचाने विचारले. काकांनी नाक मुरडले नाही. त्यांनी विचारले, “त्यात औषध कसलं घातलंय?” गाडीबरोबर निळ्या रंगाच्या औषधाची बाटली मिळाली होती. तिच्यावरचे बारीक अक्षर मुलीने वाचून दाखवले, त्यात फॉर्मल्डिहाइड होते. काका म्हणाले, “हे आमच्या टाकीत गेलं तर टाकीतले जिवाणू मरतील. ते मेले की मैला कुजत नाही, टाकी तुंबते.” त्यांचे म्हणणे रास्त होते. शेवटी पहिली टाकी त्यांच्या सांगण्यावरून भरपूर पाणी मिसळून थोडी थोडी रिकामी केली. ते पाणी भांडी आणि अंघोळीचे साठवलेले सांडपाणी होते. त्यानंतर आम्ही औषध बंद करून टाकीत नुसते थोडे पाणी ठेवू लागलो आणि ती रोजच्या रोज, पूर्ण भरण्याची वाट न पाहता, मालकाला विचारून रिकामी करू लागलो. वास कमी झाला, संकोचही कमी झाला. हे काम माझे पती आणि मी आळीपाळीने करत होतो. मामा पुढे आले तरी आम्ही ते त्यांना करू दिले नाही.

गुहागरचा लांबच लांब समुद्रकिनारा, व्याडेश्वराचे देऊळ, हेदवीचा दशभुज गणपती आणि तिथली बामणघळ, जिथे भरतीची लाट खडकाच्या चिरेत शिरून उंच उसळते, हे सगळे आम्ही मनसोक्त पाहिले. पण रात्री हवा दमट, अंगाला चिकटणारी असे. पंख्याने भागत नव्हते. काकांच्या घरातून वायर ओढून वातानुकूलन यंत्र चालवावे की नाही यावर चर्चा झाली, आणि शेवटी फक्त झोपेच्या पहिल्या दोन तासांपुरती वीज घ्यायची व निघताना मीटर पाहून पैसे द्यायचे, असे ठरले. काकूंनी पैसे घेतले नाहीत. सासूबाईंनी त्यांच्या हातात नाशिकहून आणलेल्या मनुकांचा पुडा ठेवला तो मात्र त्यांनी घेतला, आणि परत येताना गाडीत हापूसची पेटी आली.

तवसाळहून जयगडला फेरीबोटीने जायचे होते. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. बोटीचा पुढचा लोखंडी पत्रा उताराला तीव्र कोनात टेकला होता आणि छोट्या मोटारी त्यावरून सहज चढत होत्या. आमच्या गाडीचा मागचा भाग मागच्या चाकांच्या मागे बराच बाहेर आलेला, आणि त्याच्या अगदी खाली सांडपाण्याचा पाइप. बोटीवरच्या माणसाने वाकून पाहिले आणि हात आडवा केला. “मागची बाजू घासेल. भरती येऊ दे, पत्रा सपाट होईल.” आम्ही दोन फेऱ्या सोडून दिल्या. खाडीच्या कडेला बसून आमरस-पोळी खाल्ली आणि पाणी हळूहळू वर चढत दगडाचा एक एक थर बुडवताना पाहिले. मग सगळे उतरले, मामा एकटे आत राहिले, माझे पती मागे गुडघ्यावर बसून पाइप आणि उतार यांतले अंतर पाहत राहिले, आणि गाडी चार बोटे अंतर राखून बोटीवर चढली.

गणपतीपुळ्याच्या दोन रात्री एका निवासाच्या वाहनतळावर गेल्या. तिथे नळ होता, वीज होती, आणि म्हणूनच त्या दोन दिवसांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. देवदर्शन झाले, रत्नागिरीला थिबा राजवाडा पाहिला, वहीतला आकडा ९० च्या पुढे गेला आणि सासूबाईंनी तो मुलीला लाल शाईने लिहायला लावला. आंबा घाट रिकाम्या टाकीने चढून कोल्हापूरला आलो, एक मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी पुणे ओलांडून नारायणगावजवळ थांबलो. तिथून जवळच खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे; ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची ती मांडणी आहे, आणि शेतांच्या पलीकडे उभ्या असलेल्या त्या जाळीदार तबकड्या लांबून पाहूनही मुलगा हरखून गेला.

भंडारदऱ्याचा मुक्काम मुद्दाम शेवटी, मे महिना संपत आला असताना ठेवला होता, काजव्यांसाठी. अकोले, राजूर करत शेंडी गावी पोहोचलो. समोर प्रवरेवरचे विल्सन धरण, १९२६ साली पूर्ण झालेले, आणि मागे आर्थर सरोवर. धरणाची क्षमता सुमारे ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट आहे. तेव्हा पाणी बरेच खाली गेलेले होते आणि काठाला उघड्या मातीचे पट्टे दिसत होते. रतनवाडीच्या बाजूला जाताना एका पाड्यावर हापशाभोवती हंड्यांची रांग लागलेली होती. आमची टाकी त्या वेळी पाव भरलेली. मामांनी गाडी हळू केली, कारण पुढे पाणी कुठे मिळेल हे त्यांना माहीत नव्हते. सासूबाई म्हणाल्या, “थांबू नका. त्या रांगेत आपण उभं राहायचं नाही.” कोणी काही बोलले नाही. त्या दिवशी अंघोळी झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मामा शेंडीला जाऊन विकतच्या पाण्याचे दोन जार घेऊन आले, आणि वहीत दिवसाचा आकडा ३४ लिटर असा लिहिला गेला. संपूर्ण प्रवासातला तो सर्वांत कमी.

संध्याकाळी अमृतेश्वराचे देऊळ पाहून झाल्यावर गावातला एक तरुण वाटाड्या म्हणून बरोबर आला. त्याने आधीच बजावले की बॅटरी नाही, मोबाईलचा उजेड नाही, फ्लॅश तर मुळीच नाही, कारण नर काजवा मादीला आपल्या प्रकाशानेच खुणावतो आणि आपल्या उजेडात ती खूण हरवते. मामांनी गाडीचे बाहेरचे सगळे दिवे बंद केले, आत पडदे ओढले. अंधारात एका सादड्याच्या झाडाखाली आम्ही उभे राहिलो. सुरुवातीला दोन-चार ठिणग्या दिसल्या. मग एका फांदीवरचे सगळे एकदम उजळले, विझले, पुन्हा उजळले. ती लय शेजारच्या फांदीने उचलली, आणि थोड्याच वेळात सबंध झाड श्वास घेतल्यासारखे लुकलुकू लागले. एक काजवा सासूबाईंच्या पदरावर येऊन बसला. त्यांनी हात हलवला नाही. त्याच्या पोटाखालचा हिरवट उजेड पदराच्या काठाच्या विणीवर पडत होता आणि जात होता. पाच-सहा वेळा तसे झाले आणि तो उडून गेला. “मनमाडला लहानपणी हे कधी पाहिलं नाही ग,” एवढेच त्या माझ्या मुलीला म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी घोटीवरून नाशिकला आलो. गाडी संध्याकाळपर्यंत परत द्यायची होती. ती देताना टाकी रिकामी असावी असा करार होता, आणि मामा खालची तोटी उघडून पाणी रस्त्यावर सोडणार, तेवढ्यात सासूबाईंनी घरातून बादल्या आणायला सांगितल्या. टाकीच्या तळाशी राहिलेले ते पाणी तीन बादल्या आणि चौथीत अर्धी इतके निघाले. मुलीने वहीत शेवटची नोंद केली, मग एक बादली तुळशीला आणि कुंड्यांना, एक फाटकाबाहेरच्या कडुनिंबाला, आणि एक मामांनी गाडीची काच पुसायला घेतली. अर्ध्या बादलीत सासूबाईंनी पाय धुतले आणि आत गेल्या.